अकरा नंबरची फिरकी

मी एक जुनी फिरकी आहे. मासे धरायच्या काठीला खालून जी लटकलेली असते, जिच्यावर दोरी गुंडाळलेली असते आणि जिची मूठ फिरवली की माणसाला आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं, ती. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा अडगळीत पडलेल्या असतात आणि उसासे टाकत असतात. अडगळीत मीही पडले होते, पण दोनच वर्षं. उसासे टाकायला सध्या मला सवड नाही. रविवारी तर अजिबात नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी ओळीने बायका बसलेल्या असत आणि प्रत्येकजणी एकेक भाग बसवून मला पुढे सरकवत असे. शेवटी एक जाड चष्म्याची बाई होती. तिने माझी मूठ तीनदा फिरवली, "चालतंय," म्हणाली आणि मला खोक्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ती प्रत्येकीला हेच म्हणते हे मला खोक्यात गेल्यावर ऐकू आलं, पण तोवर मी खूश होऊन चुकले होते.

माझी रचना साधी आहे. दोऱ्याच्या रिळासारखी एक पोकळ गुंडी, तिच्यावर दोरी. दोरीला आवरायला तारेची एक कडी. बाजूला मूठ. आणि समोर एक गोल स्क्रू. तो पिळला की आतल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या आवळल्या जातात आणि मासा कितीही ओढो, दोरी सुटत नाही. स्क्रू सैल केला की मासा ओढेल तशी दोरी सुटत जाते. माझं जे काही शहाणपण आहे ते या तीन चकत्यांत आहे. बाकीची मी नुसती गोल फिरते.

दुकानाच्या काचेच्या कपाटात मी बरेच दिवस होते. गिऱ्हाइकं येत, माझा रंग बघत, शेजारणीचा रंग बघत, आणि शेजारणीला घेऊन जात. मग एक दिवस एक घड्याळजी आला. त्याने मला हातात घेतलं, रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ कानाला लावलं. मूठ हळूहळू फिरवली. दुकानदार बघतच राहिला.

"काय म्हणतेय?" दुकानदाराने विचारलं.

"काहीच नाही," घड्याळजी म्हणाला. "म्हणूनच घेतो."

अशी मी त्याच्या घरी आले.

त्या गावात एक तलाव आहे आणि तलावात बास नावाचा मासा आहे. हिरवट रंगाचा, अंगावर काळसर पट्टा असलेला. त्याचं तोंड इतकं मोठं की आत मूठ मावते. मासेमारी क्लबाच्या काही सभासदांबद्दलही असं बोललं जातं. हा मासा पाणगवतात दबा धरून बसतो, खाणं समोरून गेलं की झडप घालतो आणि गळ लागला की पुन्हा गवतात घुसतो. क्लबाचे लोक त्याला धरतात, मोजतात आणि परत पाण्यात सोडतात. इतका खटाटोप करून मासा सोडून का द्यायचा, असं माशालाही वाटत असणार.

तलावावर लाकडी धक्का आहे. त्यावर चौदा जागा, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर. घड्याळजीची जागा अकरा. तिच्यासमोर पाणगवत सगळ्यात दाट, म्हणून ती कुणालाच नको होती. घड्याळजीने ती आनंदाने घेतली आणि तीस वर्षं सोडली नाही. घड्याळांचं दुकान बंद झाल्यावर तर तो रोज सकाळी तिथेच जाऊन बसे. धक्क्यावर त्याने एक घडीची खुर्ची साखळी-कुलपाने बांधून ठेवली होती.

त्या तीस वर्षांत त्याने माझ्यावर बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळली आणि बारीकच ठेवली. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने मला पुसायचं, मुठीशी तेलाचा एक थेंब आणि समोरचा स्क्रू सात कट सैल, हा त्याचा नेम. कट, कट, कट, तो मोजत असे. आवळलेल्या चकत्या तशाच राहिल्या तर चपट्या होतात, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. घड्याळाची चावी कुठे थांबवायची हे ज्याला कळतं त्याला हे कळतंच.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला.

पहिल्या वर्षी वार्षिक स्पर्धेत त्याच्या हातून मासा सुटला. दुसऱ्या वर्षी लागलाच नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने माझा स्क्रू सैल करायचा प्रयत्न केला. बोटं निसटत राहिली. तीन-चारदा निसटल्यावर त्याने मला तशीच, आवळलेलीच, कपाटात ठेवली. पुढे तो नुसता खुर्चीत बसायला जाऊ लागला. काठी नाही, फिरकी नाही. मी मात्र अंधारात, आवळलेली.

दोन वर्षांनी कपाट उघडलं ते क्लबाच्या चिठ्ठीमुळे.

क्लबाचा एक नियम होता. धक्क्यावरची जागा ज्या घराकडे आहे त्या घरातल्या कुणीतरी चार वर्षांतून एकदा तरी स्पर्धेच्या दिवशी मोजपट्टीवरच्या तांबड्या रेघेला पोचेल असा बास धरून दाखवायचा. नाही दाखवला तर जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला. सेक्रेटरींनी अत्यंत आदरपूर्वक कळवलं होतं की अकरा नंबरची तीन वर्षं कोरडी गेली असून येती स्पर्धा ही चौथी आहे, आणि खुर्चीच्या साखळीची किल्ली तयार ठेवावी.

प्रतीक्षायादीतला पहिला माणूस होता घड्याळजीचा थोरला जावई.

जावई वाईट नाही, मित्रांनो. तो फक्त हौशी आहे. त्याच्याकडे आठ काठ्या, आठ फिरक्या आणि प्रत्येकीला शिवलेली पिशवी. एक काठी उथळ पाण्याची, एक खोल पाण्याची, एक ढगाळ हवेची. ढगाळ हवेची काठी वेगळी असते हे बासला अजून कुणी कळवलेलं नाही. त्या संध्याकाळी तो सासऱ्यांना धीर द्यायला आला.

"बाबा, काळजी कशाला करता? जागा घरातच राहील."

"घरात नव्हे, जावईबापू," घड्याळजी म्हणाला. "तुमच्या घरात."

"म्हणजे एकच की! तुम्ही यायचं, माझ्या शेजारी बसायचं."

"आणि तुम्ही बोलायचं."

जावई हसला. घड्याळजी हसला नाही. हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला.

समोरच्या खोलीत त्याची धाकटी मुलगी शिवणयंत्रावर बसली होती. ती कोट शिवते. लग्नकार्यातले, मुलाखतीला जायचे, आणि एकदा घालून कपाटात ठेवायचे. तिने यंत्र थांबवलं.

"भाऊजी, त्या नियमात काय लिहिलंय? बाबांनीच धरायचा की घरातल्या कुणीही?"

"घरातल्या कुणीही. पण मेहुणीबाई, तू आयुष्यात मासा धरलायस का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही तरी कुठे धरलायत? आठ काठ्या आहेत एवढंच ऐकलंय."

जावयाने ते मनाला लावून घेतलं नाही. उलट, आपला दोन नंबरचा संच देतो म्हणाला. जाड, ताठ काठी, मोठी फिरकी, वर विणलेली दोरी, जिने म्हणे गाय ओढता येते.

"गाय नाहीये तलावात," घड्याळजी म्हणाला.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच धाकटीने कपाटातून मला काढलं. मूठ फिरवली, दोरी ओढून पाहिली. दोरी आधी हललीच नाही, मग हिसका देऊन सुटली, मग पुन्हा अडकली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

"चकत्या गेल्या," घड्याळजी म्हणाला. "चपट्या झाल्यात. माझ्याच चुकीने. आता असल्या जुन्या मापाच्या मिळायच्या नाहीत."

"कशाच्या असतात?"

"नमद्याच्या. दाट हवा, पण मऊ."

धाकटी उठली आणि कापडाच्या पेटीतून राखाडी तुकडा घेऊन आली. कोटाच्या कॉलरला खालून जो नमदा लावतात तो. घड्याळजीने तो बोटांत धरला, बोटं थरथरत होती तरी चोळून पाहिला.

"हे तू रोज वापरतेस?"

"रोज."

"आणि मी तीन दुकानं पालथी घातली असती."

मग त्याने सांगितलं आणि तिने केलं. त्याचा चिमटा, तिचे हात. स्क्रू काढ, चकती उचल, धातूची आधी, नमद्याची मग. तिने चकत्या छोट्या कात्रीने कापल्या, इतक्या गोल की मला जन्म देणाऱ्या टेबलावर कुणाला जमल्या नसत्या. सगळं बसवून तिने दोरी दोन बोटांत धरली आणि सावकाश ओढली. दोरी आली. अडकली नाही, हिसकली नाही, आली.

"किती आवळू, बाबा?"

"तुला काय वाटतं?"

"यंत्राचा दोरा लावते तेव्हा बघते. तुटायच्या जरा आधी सुटला पाहिजे."

घड्याळजीने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं जे तो कुणाला सांगू शकला नव्हता ते तिने सुईतून शिकलं होतं.

स्क्रूवर बोटं निसटतात म्हणून तिने त्याच्याभोवती जाड चामड्याची पट्टी शिवून टाकली. मी आरशात पाहिलं नाही, पण मला ती शोभत असावी.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले, तेच दुकान. दुकानदाराने काठ्यांच्या रांगेकडे हात केला, "या, कुठली दाखवू?"

"काठी शेवटी," धाकटी म्हणाली. "आधी जागा. अकरा नंबर."

"अकरा? तिथे गवताशिवाय काही नाही. सगळं अडकतं."

"मासा कुठे असतो?"

"गवतातच."

"मग अडकणार नाही असं काय आहे?"

दुकानदाराने डोकं खाजवलं आणि मऊ रबरी गांडुळांचं पाकीट काढलं. मित्रांनो, इथे जरा लक्ष द्या. गळाचं टोक उघडं राहिलं तर ते गवत धरतं, मासा नाही. म्हणून गळ गांडुळाच्या डोक्यातून घालायचा, बाहेर काढायचा, वळवायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं शिसं, म्हणजे ते गवतातून वाट काढत जातं. मासा चावला की मऊ रबर दबतं आणि टोक बाहेर येतं. दुकानदाराने करून दाखवायला घेतलं आणि त्याच्याच अंगठ्याला टोचलं.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली. "तुरपाईच आहे ही. टाका आत, बाहेर काही दिसता कामा नये."

एका दमात जमलं. दुकानदाराने अंगठा चोखत पाहून घेतलं.

मग दोरी. गवतातून ओढायची म्हणून पहिल्यापेक्षा जरा जाड, पण माझ्या गुंडीला झेपेल इतकीच. मग तिने काठ्या घेतल्या एकेक हातात आणि टोक जमिनीला टेकवून वाकवून पाहिल्या. फार ताठ ती परत ठेवली, फार लवलवीत तीही. अस्तर आणि कापड एकमेकांना ओढणार नाहीत असं जुळवतात, तसं ती माझ्याशी जुळेल अशी काठी शोधत होती. मधल्या उंचीची, टोकाला लवणारी आणि बुंध्याला ताठ, अशी एकच सापडली. तिचा रंग मळकट होता. मला ती लगेच आवडली.

महिनाभर धाकटीने गल्लीत सराव केला. दोरीच्या टोकाला ओव्हरकोटाचं मोठं बटण बांधायचं आणि दूरवरच्या बादलीत टाकायचं. पहिल्या आठवड्यात बटण बादली सोडून सगळीकडे गेलं. शेजारच्या काकूंनी ते दोनदा खिडकीतून परत केलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं, एखादं शर्टाचं लाव, काचेला लागतं." चौथ्या आठवड्यात बादली वाजू लागली. घड्याळजी पायरीवर बसून मोजत असे. दहांत सात. दहांत आठ.

स्पर्धेचा दिवस उजाडला. सकाळी सहाला सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली. दुपारी बारापर्यंत वेळ. धक्क्यावर चौदा जण, प्रतीक्षायादीतले काठावर. आमच्या अगदी जवळ, काठावर, जावई. नवी कोरी काठी, चकचकीत फिरकी, गाय ओढणारी दोरी.

"ही कालच घेतली," त्याने आम्हाला ओरडून सांगितलं.

आठ वाजले. नऊ वाजले. इतरांना छोटे मासे लागत होते. आमचं गांडूळ गवतातून न अडकता येई, जाई, येई. हेही काही कमी नव्हतं, पण नुसतं न अडकल्याबद्दल सेक्रेटरी जागा देत नाहीत.

दहाला जावयाची काठी वाकली. अशी वाकली की सगळा धक्का उभा राहिला.

"लागला! लागला! बाबा, बघा!"

तो मूठ फिरवू लागला. फिरकी गरगर फिरत होती. मासा मात्र जागचा हलत नव्हता. उलट गवताकडे चालला होता. जावयाने स्क्रू आवळला. पूर्ण आवळला. तरी तेच. मूठ फिरतेय, फिरकी फिरतेय, मासा चाललाय.

काय झालं होतं ते मला इथूनच दिसलं, कारण ती माझ्या जातीतली होती. विणलेली दोरी गुळगुळीत असते. ती नुसती गुळगुळीत गुंडीवर गुंडाळली तर तिला धरायला काही नसतं; सगळी गुंडाळी गुंडीभोवती गोल घसरत राहते. तळाशी आधी थोडी साधी तंगूस गुंडाळून तिला ही दोरी गाठ मारून जोडावी लागते. जावयाने काठी निवडायला दोन महिने घेतले होते आणि दोरी भरायला दहा मिनिटं.

मासा गवतात घुसला, झटका दिला आणि गेला.

"फिरकीच खराब निघाली!" जावई ओरडला.

ती बिचारी गप्प राहिली. आम्हाला बोलता येत नाही हे अशा वेळी बरं वाटत नाही.

"भाऊजी," धाकटीने विचारलं, "बॉबिन भरताना दोऱ्याचं टोक आधी भोकात अडकवता ना?"

"मी बॉबिन भरत नाही!"

"तेच म्हणतेय."

अकरा वाजले. साडेअकरा. घड्याळजी खुर्चीत बसला होता, हात मांडीखाली. साखळीची किल्ली त्याने खरंच खिशात आणली होती. मधूनमधून ती खिशातल्या नाण्यांवर वाजे, कारण हात मांडीखालून निघाला की खिशाकडेच जाई.

बाराला बारा मिनिटं कमी असताना धाकटीने गांडूळ गवतातल्या एका काळ्या मोकळ्या जागेत टाकलं. बादलीएवढी जागा. बरोबर मध्ये. ते बुडू दिलं. दोरी जराशी बाजूला सरकली, कुणीतरी ओढणीचं टोक धरून हळूच ओढावं तशी.

"आता," घड्याळजी म्हणाला.

तिने काठी उचलली.

मित्रांनो, माझ्या आतल्या चकत्यांनी आजवर एकच काम केलं होतं, कोटाची मान ताठ ठेवणं. आता त्यांच्यावर असला जोर आला की माझी मूठ उलटी फिरेल की काय असं वाटलं. मासा गवताकडे निघाला. मी दोरी सोडू लागले. कर्र कर्र आवाज सगळ्या धक्क्यावर गेला.

"आवळ!" काठावरून जावई ओरडला. "आवळ, नाहीतर जातोय!"

धाकटीचा हात स्क्रूकडे गेला.

"सैलच राहू दे," घड्याळजी म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "तुटायच्या जरा आधी. तूच म्हणालीस."

तिने हात काढून घेतला. काठी बाजूला वळवली, गवताच्या विरुद्ध दिशेला. मासा ओढत होता, मी देत होते. तो दमला की ती मूठ फिरवत होती आणि मी घेत होते. पुन्हा तो ओढे, पुन्हा मी देई. एकदा तो पाण्याबाहेर उसळला, तोंड वासून, आणि सेक्रेटरींच्या हातातली वही ओली झाली. दोरी तुटली नाही. चकत्या अडकल्या नाहीत. कॉलरचा नमदा काय चीज आहे हे त्या दिवशी तलावाला कळलं.

मासा धक्क्याशी आला. बासला जाळीत घेता येतं, पण अकरा नंबरवर जाळी कधी नव्हती; घड्याळजी खालचा ओठ अंगठ्याने धरून मासा उचलत असे. धाकटी काठी धरून मागे सरकली.

"बाबा, तुम्ही."

"माझा हात..."

"माझे दोन्ही गुंतलेत."

घड्याळजी गुडघ्यावर बसला. थरथरता उजवा हात पाण्यात घातला, अंगठा माशाच्या तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि उचलला. हात हलतोय की मासा, हे कुणालाच कळेना. कुणी विचारलंही नाही.

सेक्रेटरींनी मासा मोजपट्टीवर ठेवला, तोंड मिटवलं, शेपटी चिमटीत धरली. तांबड्या रेघेपुढे दोन बोटं. सेक्रेटरींनी पुन्हा मोजला, कारण सेक्रेटरी पुन्हा मोजतातच. पुन्हा दोन बोटं पुढे. त्या दिवशीचा तो सगळ्यात मोठा मासा निघाला.

"अकरा नंबर," सेक्रेटरींनी ओल्या वहीत लिहिलं, "कायम."

धक्का टाळ्यांनी हादरला. सगळ्यात जोरात टाळ्या काठावरून आल्या. जावई दोन्ही हात वर करून ओरडत होता, "माझ्या सासऱ्यांचा मासा! माझ्या मेहुणीचा!" घड्याळजीने मासा पाण्यात धरून ठेवला, तो शेपटी मारून निघून जाईपर्यंत. मग खिशातून किल्ली काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी जावई सकाळीच घरी हजर. हातात चकचकीत फिरकी.

"मेहुणीबाई, ते बॉबिनचं काय म्हणत होतीस?"

"आत या. बाकीच्या आठ आणल्यात का?"

"गाडीत आहेत."

तिने नऊही दोऱ्या उतरवल्या, तळाशी तंगूस भरली, गाठ मारली, पुन्हा गुंडाळल्या. बातमी पसरायला वेळ लागला नाही. आता दर रविवारी अकरा नंबरसमोर रांग असते. कुणाच्या चकत्या चपट्या, कुणाची दोरी घसरतेय. घड्याळजी खुर्चीत बसून फिरकी कानाला लावतो, रोग सांगतो. धाकटी खाली पाय सोडून बसते आणि दुरुस्त करते. मध्ये वेळ मिळाला तर मासेही धरते. मी तिच्या काठीवर असते. नव्या चकचकीत फिरक्या रांगेतून माझ्याकडे बघतात, आणि मी, कबूल करते, थोडी उन्हाच्या बाजूला वळून बसते. जावई अजून प्रतीक्षायादीत पहिलाच आहे. आता तेरा नंबरवर त्याचा डोळा आहे, तिथे गवत कमी आहे म्हणतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला बाहेर काढा. नवी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. मीही एकदा नवी होते. पण आधी जागा बघा, मग मासा, मग गळ, मग दोरी, आणि काठी सगळ्यात शेवटी. कोरड्या फडक्याने पुसा, तेल एकच थेंब. आणि घरी आल्यावर समोरचा स्क्रू सैल करायला विसरू नका. आवळून ठेवलेली वस्तू कपाटात काय भोगते ते मी दोन वर्षं भोगलं आहे.

माझा स्क्रू आजही घड्याळजीच सैल करतो. चामड्याच्या पट्टीवर त्याची बोटं निसटत नाहीत. हात थरथरतो, त्यामुळे वेळ लागतो, आणि एखादा कट दोनदा मोजला जातो. कट. कट. कट. कधी सात होतात, कधी नऊ. धाकटी यंत्रावर बसलेली असते, तिला ऐकू येतं सगळं. ती यंत्र थांबवते, त्याचं मोजून होऊ देते, आणि मग पुन्हा सुरू करते.